रकाना कोरा सोडू नका

पावसाळ्याचे दिवस. ६ जुलै २०२२ रोजी जबलपूर महानगरपालिकेचं मतदान होतं. माझी मावशी सकाळीच आवरून, छत्री आणि पर्ची घेऊन मतदान केंद्रावर गेली आणि तासाभराने परतली. वय अठ्ठ्याहत्तर, पण आजवर एकही मतदान तिने चुकवलेलं नाही. चहा टाकता टाकता मी विचारलं, "मावशी, महापौरपदाला कोण कोण उभे होते गं?" तिने भराभर नावं सांगितली. कोणाचं घर कुठे, कोणाचे वडील कोण, कोणी कुठल्या सभेत काय आश्वासन दिलं, सगळं तिला पाठ होतं.

"आणि आपल्या वॉर्डात?"

ती जरा थांबली. "तो नाही का, परवा दारात हात जोडून गेला. नाव काही आठवत नाही बाई."

"मग बटण कोणतं दाबलंस?"

"चिन्ह बघून दाबलं."

त्या दिवशी जबलपुरातल्या प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. एक महापौरासाठी आणि दुसरं आपल्या वॉर्डाच्या पार्षदासाठी. पार्षद म्हणजे महाराष्ट्रातला नगरसेवक. पहिल्या मताची चर्चा गावभर महिनाभर चालली. दुसरं मत बहुतेकांनी मावशीसारखंच दिलं. माझ्या वॉर्डातल्या उमेदवारांपैकी दोघांची नावं मला मतदानाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हती. आमच्या गल्लीतली नाली तुंबली, तर ज्याच्या दारात जायचं, त्याच्याविषयीच आम्हाला सर्वांत कमी माहिती होती. तेव्हापासून ही गोष्ट मनात सलत राहिली. या लेखासाठी कागद चाळले, माणसांना भेटले, शेजारपाजारच्या गावांतली प्रकरणं समजून घेतली, ती त्या सलामुळेच.

चौदा दिवसांची ओळख

जबलपूरच्या मराठी माणसाला पालिकेचं राजकारण परकं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबं इथे आहेत आणि १९५६ पर्यंत हे शहर ज्या प्रांतात होतं, त्याची राजधानी नागपूरच होती. २०१५ मध्ये डॉ. स्वाती गोडबोले इथल्या महापौर झाल्या. २०२२ मध्ये भाजपने अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जितेंद्र जामदार यांना महापौरपदासाठी उभं केलं आणि काँग्रेसने जगत बहादुर सिंह 'अन्नू' यांना. निकाल लागला तेव्हा अन्नू सुमारे ४४ हजार मतांनी निवडून आले होते. सभागृहात मात्र बहुमत भाजपचं आलं. दोन बटणं वेगवेगळा विचार करून दाबणारे मतदार या शहरात पुरेसे आहेत, एवढं या निकालाने दाखवून दिलं. विचार करायची तयारी आहे, पण त्या विचाराला लागणारी माहिती वॉर्डाच्या पातळीवर मिळत नाही.

ती का मिळत नाही, याची कारणं साधी आहेत. जबलपुरात ७९ वॉर्ड आहेत. त्यांतले कोणते महिलांसाठी, कोणते अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि कोणते इतर मागासवर्गासाठी राखीव, हे निवडणुकीआधी ठरतं. आरक्षण बदललं की गेल्या वेळचा माणूस बाजूला होतो किंवा शेजारच्या वॉर्डात जातो आणि मतदारापुढे नवा चेहरा येतो. मग पक्षांची तिकिटं शेवटच्या दिवसापर्यंत अडकून राहतात. तिकीट न मिळालेले बागी अपक्ष अर्ज भरतात. २०२२ मध्ये अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख होती २२ जून. उमेदवारांची पक्की यादी त्या दिवशी कळली आणि मतदान ६ जुलैला झालं. म्हणजे मध्ये दिवस उरले चौदा. पुढच्या पाच वर्षांचं पाणी, कचरा, दिवाबत्ती आणि रस्ते कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवायला इतकाच वेळ. लग्न जमवताना आपण स्थळाची याहून जास्त चौकशी करतो.

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराबद्दल वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरतात. जबलपूरला तर अशी मोठी निवडणूक चांगली आठवते. १९७४ मध्ये सेठ गोविंददास यांच्या निधनानंतर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पुढे आलेला शरद यादव नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण विरोधकांचा एकत्रित उमेदवार झाला आणि निवडून आला. त्याला सारं शहर ओळखत होतं. पण वॉर्डाच्या उमेदवाराला कोण ओळखतं? त्याच्या गल्लीतले लोक आणि ज्यांची कामं त्याने केली किंवा अडवली ते लोक. ही ओळख गल्लीच्या बाहेर पोचत नाही. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या मतदाराला केवळ पत्रकावरचा फोटो दिसतो.

शपथपत्र नावाचा कागद

आपल्या हातात एक कागद मात्र आहे आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मागणी एवढीच होती की उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळावं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ रोजी न्यायालयाने हा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने कायदा करून त्याला मुरड घालण्याचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ च्या निकालात न्यायालयाने तो प्रयत्न फेटाळला. आज उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं ते त्या लढ्यामुळे. पालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथेही उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावंच लागतं आणि ते कोणालाही पाहता येतं.

या लेखासाठी मी अशी काही शपथपत्रं शांतपणे बसून वाचली. स्टॅम्प पेपर, कोपऱ्यात नोटरीचा गोल शिक्का, प्रत्येक पानाच्या तळाशी सही. सुरुवातीला नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, मतदार यादीतला क्रमांक. मग प्रलंबित गुन्हे आणि झालेली शिक्षा. त्यानंतर उमेदवार, जोडीदार आणि अवलंबून असलेली माणसं यांच्या नावावरची रोकड, बँकेतली ठेव, वाहनं, दागिने, शेती, प्लॉट, घर. पुढे कर्ज आणि सरकारी देणी, आणि शेवटी शिक्षण. वाचता वाचता एक शब्द सारखा समोर येत राहिला : निरंक. गुन्हे : निरंक. शेती : निरंक. सरकारी देणी : निरंक.

हा शब्दही न्यायालयाच्याच धाकाने आलेला आहे. पूर्वी अडचणीच्या माहितीचा रकाना सरळ कोरा सोडला जायचा. आहे म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, म्हणजे खोटंही ठरत नाही. १३ सप्टेंबर २०१३ रोजी 'रिसर्जन्स इंडिया' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. रकाना कोरा ठेवून दिलेलं शपथपत्र चालणार नाही. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागेल. कोऱ्या रकान्यावर बोट ठेवता येत नाही, 'निरंक'वर ठेवता येतं. ते खोटं निघालं तर माणूस अडकतो.

आणि तो खरोखर अडकतो, याचं उदाहरण मध्य प्रदेशातल्याच एका लहान गावाने घालून दिलं आहे. खरगोन जिल्ह्यातल्या भीकनगाव नगर परिषदेतल्या एका नगरसेविकेला धनादेश न वटल्याच्या खटल्यात एक वर्षाची शिक्षा झाली होती. ही गोष्ट तिच्या शपथपत्रात नव्हती. तिच्या निवडीला आव्हान दिलं गेलं आणि निवड रद्द झाली. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेली निवड तशीच ठेवली. चेकचं प्रकरण फार मोठं नव्हे, असं कोणी म्हणेल. पण जिला आपण गावाच्या पैशाचा हिशेब सोपवणार, तिच्या स्वतःच्या देण्याघेण्याचा इतिहास मतदारापासून लपून राहिला, हा मुद्दा लहान नाही. त्याआधी २०१५ मध्ये तामिळनाडूतल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या थेक्कमपट्टी पंचायतीच्या अध्यक्षाचं प्रकरणही न्यायालयापुढे आलं होतं. त्याने अर्ज भरताना सगळे गुन्हे सांगितले नव्हते. गुन्हे लपवणं म्हणजे मतदाराच्या मोकळ्या निवडीवरचा अवाजवी दबाव, भ्रष्ट आचार, असं न्यायालयाने ठरवलं. देशभर लागू झालेली ही गोष्ट एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतून आली. गल्लीतल्या मताची किंमत न्यायालयाने ओळखली आहे. आपण ती ओळखायची बाकी आहे.

कागदावर न मावणारं

शपथपत्र वाचलं म्हणजे माणूस कळला, असं मात्र नाही. कागद मागचं सांगतो. निवडून आल्यावर खुर्चीत कोण बसणार, हेही त्यातून कळेलच असं नाही. जबलपूरला लागून असलेल्या दमोह जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये गैसाबाद पंचायतीत निवडून आल्या स्त्रिया आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. सागर जिल्ह्यातल्या जैसीनगरमधूनही तशीच बातमी आली. शहरांत हा प्रकार इतक्या उघडपणे होत नाही, पण 'पार्षदपती' हा शब्द आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आहे आणि तो उगाच आलेला नाही. पत्रकावर बाईचा फोटो लहान आणि नवऱ्याचा मोठा असेल, तर मतदाराने थेट तिच्याशी बोलण्याचा आग्रह धरावा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने २०२२ मध्ये तसं केलं. प्रचाराला आलेल्या पुरुषांच्या घोळक्याला तिने फाटकाशीच थांबवलं, उमेदवार बाईला एकटीला घरात बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, ताई?" उमेदवाराने अचूक वेळ सांगितली, वर पाण्याचा दाब कमी का असतो तेही सांगितलं. "मत कोणाला दिलं ते सांगणार नाही," बाई मला म्हणाल्या, "पण त्या मुलीविषयी माझं मत त्या क्षणी बदललं."

दुसरी गोष्ट पक्षाची. २०२२ मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले आमचे महापौर फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. या निर्णयाचं समर्थन करणारे शहरात आहेत, संतापलेलेही आहेत. मला त्यातून मतदाराने घ्यायचा धडा तेवढा दिसतो. चिन्ह पाहून मत दिलं आणि चिन्ह बदललं, की मताला आधार उरत नाही. माणूस पाहून, त्याचं काम आणि त्याचा शब्द तपासून मत दिलं असेल, तर चिन्ह बदलल्यावरही त्याला जाब विचारता येतो.

जाब विचारण्याचा एक वेगळा मार्ग मध्य प्रदेशाने देशात सर्वांत आधी वापरून पाहिला आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जायचा, तेव्हा त्याला परत बोलावण्याची सोय कायद्यात केली गेली. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या केल्या की प्रश्न पुन्हा मतदारांपुढे जायचा. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसायची, दोन चिन्हं असायची : भरी कुर्सी आणि खाली कुर्सी. अध्यक्ष राहावा असं वाटत असेल तर भरी कुर्सी, जावा असं वाटत असेल तर खाली कुर्सी. २००१ मध्ये तेव्हाच्या शहडोल जिल्ह्यातल्या अनूपपूरच्या मतदारांनी खाली कुर्सी निवडली आणि आपल्या नगराध्यक्षांना परत पाठवलं. पण २०२२ मध्ये महापौर तेवढे थेट निवडले गेले. नगरपालिका आणि नगर परिषदांचे अध्यक्ष नगरसेवकांनी निवडले. म्हणजे सिहोरा, पनागर, पाटण, भेडाघाटसारख्या गावांत नगरसेवक निवडण्याचं एकच बटण मतदाराच्या हाती होतं आणि अध्यक्षही त्या एका बटणावरच ठरत होता. मत चुकीच्या माणसाला गेलं की गावाचा अध्यक्षही चुकतो, इतकं वजन त्या एका मतावर आलं होतं.

काय विचारायचं?

उमेदवाराला प्रश्न विचारायचे तर त्याचं काम काय, हे आधी माहीत हवं. दमोह नाका ते मदन महल हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. तो महानगरपालिकेने बांधलेला नाही. वॉर्डाच्या निवडणुकीत कोणी त्याचं श्रेय घेऊ लागला तर त्याला नम्रपणे थांबवावं. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत : पाणी, सफाई, घनकचरा, रस्ते, दिवाबत्ती, बागा, स्मशानं, वस्तीसुधार वगैरे. प्रश्न या विषयांवरच हवेत. ओमती नाल्याच्या काठच्या वस्तीत पावसाळ्याआधी गाळ कधी काढला? कचऱ्याची गाडी रोज येते का? सांडपाण्याच्या नळ्यांसाठी खोदलेली गल्ली पुन्हा नीट झाली का? गेल्या वेळी पार्षद असलेला माणूस पुन्हा उभा असेल, तर सभागृहात त्याची हजेरी किती, त्याने प्रश्न किती विचारले, पार्षद निधी कोणत्या गल्लीत खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्ज निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो, एवढंच ध्यानात ठेवायचं.

हे एकट्याने करायचं काम नाही, हे मुंबईने दाखवलं आहे. प्रजा फाउंडेशन मुंबईच्या नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढत आली आहे. 'अग्नी'सारख्या संघटनांनी नागरिक आणि उमेदवार यांना समोरासमोर बसवलं. २००७ मध्ये जुहूच्या रहिवाशांनी पक्षांची वाट न पाहता आपला उमेदवार उभा केला आणि अडॉल्फ डिसूझा नागरिकांचे नगरसेवक म्हणून महापालिकेत गेले. २०१७ च्या निवडणुकांच्या वेळी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने शपथपत्रांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावायचं ठरवलं. चांगला निर्णय. तरी रांगेत उभं राहून फलक वाचण्याची वेळ म्हणजे परीक्षागृहाच्या दारात पुस्तक उघडण्यासारखी. वाचन त्याआधी, घरी, चार माणसांत व्हायला हवं.

महाराष्ट्रात कित्येक वर्षं रखडलेल्या निवडणुका अखेर झाल्या. २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक नगर परिषदांचं आणि १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचं मतदान झालं. पुण्या-ठाण्यात बहुतेक प्रभागांत एका मतदाराने चार मतं दिली. चारांपैकी किती उमेदवार आपल्याला ठाऊक होते, हा प्रश्न तिथल्या वाचकाने स्वतःला आज विचारायला हरकत नाही. पुढच्या चार वर्षांचं काम त्या उत्तरापासून सुरू होतं.

आमच्याकडे ती वेळ लवकर येते आहे. २०२२ मध्ये निवडलेल्या सभागृहाची पाच वर्षं २०२७ मध्ये संपतात. आमच्या गल्लीने यंदा एक साधी गोष्ट केली. गणपतीच्या दहा दिवसांत आरतीनंतर पाच मिनिटं बसून वॉर्डाचा एक कागद तयार केला. डाव्या बाजूला वॉर्डाच्या अडचणी, एकूण अकरा. उजवीकडे रकाने मोकळे ठेवले आहेत, प्रत्येक उमेदवारासाठी एक. जो दारात येईल त्याला तो कागद दाखवायचा आणि त्याचं उत्तर त्याच्यासमोर लिहून घ्यायचं. त्या कागदाच्या मागे त्याच्या शपथपत्राची प्रत जोडायची. मावशी आता ब्याऐंशीची आहे. कागद ठेवायची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली आहे आणि तो तिच्या देवघरातल्या कपाटात, पंचांगाशेजारी ठेवला आहे.

उमेदवाराने रकाना कोरा सोडू नये, असं न्यायालयाने सांगितलं. मतदाराला तसं सांगणारं न्यायालय नाही. ते आपणच आपल्याला सांगायचं आहे. दिवाळीत घर आवरताना एक कागद काढा. आपल्या वॉर्डाचा क्रमांक लिहा, सध्याच्या नगरसेवकाचं नाव लिहा, त्याने केलेली दोन कामं आणि न केलेली दोन कामं लिहा. लिहिता आलं नाही, तर शेजाऱ्याला विचारा. पुढचं मतदान येईपर्यंत तो कागद भरलेला असू द्या.